आरसी बग्गीचा गिअर डिफ कसा बांधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बग्ग्या पळवतो. कुपवाडच्या पुढे मुरमाच्या माळावर फक्की टाकून ट्रॅक आखलाय. नवीन कोणी आलं की मोटर, बॅटरी, टायर यांवर तासभर बोलणं होतं, पण डिफ (डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) कधी उघडला होता असं विचारलं की समोरचा गप्प. किट आलं तेव्हा पुस्तिकेतली चित्रं बघत बांधला, झाकण लावलं, विषय संपला. मग बग्गी वळणात का फिरते, एक दिवस चांगली आणि दुसऱ्या दिवशी वाईट का चालते, याचं उत्तर टायरमध्ये शोधत बसतात. म्हणून गेल्या काही वर्षांत मला जे जे विचारलं गेलं ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. सगळं 1:8 मापाच्या (खऱ्या गाडीच्या आठव्या हिस्स्याएवढ्या), चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या बग्गीला धरून आहे. 1:10 मध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलंय.

डिफ नेमका करतो काय? आणि एका बग्गीत तीन-तीन कशाला?

वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडतं. 1:8 बग्गीच्या डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांत साधारण 26 सेंमी अंतर असतं. एक मीटर त्रिज्येच्या वळणात आतलं चाक 87 सेंमीच्या गोलावर फिरतं, बाहेरचं 1.13 मीटरच्या. म्हणजे बाहेरच्याला जवळजवळ 30 टक्के जास्त फिरायचंय. दोन्ही एकाच आसाला घट्ट बांधली तर एकाला घसटत जावंच लागेल. डिफमुळे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येतं.

पण त्याची दुसरी बाजू आपल्या भागात कोणाला सांगायला नको. उसाची ट्रॉली चिखलात रुतली की ट्रॅक्टरचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. मग ड्रायव्हर टाचेने डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. बग्गीला पेडल नाही. तिच्या डिफमध्ये आपण घट्ट सिलिकॉन तेल भरतो. दोन चाकांच्या वेगातला फरक जितका वाढेल तितकं ते तेल आतल्या गिअरना अडवतं. म्हणजे तेल हे अर्धवट दाबलेलं लॉकचं पेडल आहे, आणि ते किती दाबायचं हे आपण तेलाच्या नंबरने ठरवतो; नंबर जितका मोठा तितकं तेल घट्ट.

पुढच्या दोन चाकांत एक डिफ, मागच्या दोन चाकांत एक, आणि पुढच्या-मागच्या बाजूंमध्ये ताकद वाटायला मधला. असे तीन. 1:10 च्या, फक्त मागच्या दोन चाकांना ड्राइव्ह असलेल्या बग्गीत फक्त मागचा असतो.

आत कोणते भाग असतात?

केस, म्हणजे डिफचं भांडं. त्यावर बसणारा मोठा दातेरी क्राउन (मधल्या डिफला त्याच जागी स्पर गिअर असतो). आत दोन मोठे बेव्हल (तिरक्या दातांचे) गिअर, चार छोटे बेव्हल गिअर, आणि छोट्यांना धरणाऱ्या दोन आडव्या पिना. या पिनांना मधोमध खाच असते, तिथे त्या एकमेकींत अडकून अधिकचं चिन्ह होतं. दोन्ही बाजूंनी बाहेर येणारे आउटड्राइव्ह, म्हणजे ताकद पुढे नेणारे दांडे, त्यांना मोठ्या गिअरशी बांधणाऱ्या बारीक पिना, ओ-रिंगा (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या), शिम (कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या), केस आणि क्राउनमधलं गॅस्केट, चार स्क्रू, दोन बेअरिंगं. बस एवढंच.

बॉल डिफ घ्यावा की गिअर डिफ?

बॉल डिफमध्ये गिअरऐवजी छोट्या गोळ्या असतात. 1:8 मध्ये हा प्रश्नच नाही, गिअरच. 1:10 मध्ये गुळगुळीत, कमी पकडीच्या जागी बॉल डिफ हलका आणि मऊ चालतो, पण त्याची देखभाल सतत करावी लागते आणि आपल्याकडची धूळ त्याला मानवत नाही. मी 1:10 लासुद्धा गिअर डिफच लावतो.

बांधायला बसण्याआधी जवळ काय काय हवं?

चांगल्या स्टीलचे 2 आणि 2.5 मिमीचे हेक्स ड्रायव्हर. किटमध्ये येणारी वाकडी एल-की स्क्रूचं डोकं खाते, ती ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. बारीक चिमटा, पांढरा सुती कपडा, भागांसाठी कडा असलेलं स्टीलचं ताट (जेवणाचंच घ्या, 0.1 मिमीची शिम फरशीवर पडली की गेली), ओ-रिंगला लावायचं ग्रीस आणि ताजं डिफ तेल.

आणि एक गोष्ट, जी बहुतेकांकडे नसते: 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा. सराफ वापरतात तसा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एका ओळखीच्या कारागिराकडे सोन्याची तार मोजताना मी तो पहिल्यांदा नीट पाहिला आणि त्याच आठवड्यात एक घेतला. माझ्या डिफमध्ये त्याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच खरेदीने पडलेला नाही. का, ते तेलाच्या प्रश्नात येईलच.

ओ-रिंग कशी बसवायची? दर वेळी बदलावी का?

ओ-रिंग कोरडी बसवली तर आउटड्राइव्ह आत ढकलताना तिचा काठ सोलला जातो. डोळ्याला दिसत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या बॅटरीला गळती सुरू होते. म्हणून आधी तिला बोटांच्या चिमटीत ग्रीस लावून ओलीचिंब करा, खोबणीत ठेवा, वरून बोटाने सगळीकडे दाबून सपाट बसली का पाहा. आउटड्राइव्हच्या दांड्यालाही ग्रीस लावा. मग आउटड्राइव्ह सरळ न ढकलता हळूहळू फिरवत आत घाला. आत जाताना हाताला एकसारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. मध्येच खटकन अडकून सुटलं तर बाहेर काढा, ओ-रिंग उजेडात धरून पाहा.

दांड्यावर पिन बसते त्या भोकाच्या कडा किटमध्ये कधी कधी धारदार असतात. ओ-रिंग नेमकी तिथूनच जाते. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने ती कड दोन मिनिटं घासून घ्या. नव्या बग्गीत मी हे न चुकता करतो.

बदलायची केव्हा? हाताला कडक लागली, चपटी झाली किंवा दांड्यावर सैल फिरू लागली की. दर वेळी गरज नाही.

इथे एक अनुभव सांगतो. एकदा ओ-रिंगा संपल्या होत्या, तेव्हा हायड्रॉलिकच्या दुकानातून त्याच मापाच्या, मऊ, सुंदर दिसणाऱ्या लालसर ओ-रिंगा आणल्या. पंधरा दिवसांनी डिफ उघडला तर त्या फुगून खोबणीच्या बाहेर आल्या होत्या. त्या सिलिकॉन रबरच्या होत्या, आणि सिलिकॉन तेलात सिलिकॉन रबर फुगतं. दुकानदाराची यात काही चूक नव्हती, मीच मटेरियल सांगितलं नव्हतं. काळ्या नायट्राइलच्या मागा, त्या या तेलात चांगल्या टिकतात.

आत शिम किती घालायच्या? पुस्तिकेत दाखवल्यात तेवढ्याच का?

सुरुवात पुस्तिकेप्रमाणेच करा, पण शेवट हाताच्या जाणिवेने करा. दोन किटांचे साचे कधीच तंतोतंत सारखे नसतात.

मोठ्या गिअरच्या मागे जी शिम बसते तिची दोन कामं. एक, ती ओ-रिंगला खोबणीत धरून ठेवते. दुसरं, मोठा गिअर छोट्यांच्या किती जवळ येईल हे ठरवते. शिम कमी पडल्या तर गिअर मागे सरकतात, दातांची टोकंच एकमेकांना लागतात आणि उडीवरून खाली येताना थ्रॉटल दिलं की दात झडतात. जास्त झाल्या तर डिफ फिरवताना हाताला खडबडीत, टप्प्याटप्प्याने फिरल्यासारखा लागतो.

माझी पद्धत अशी: तेल न घालता, ओ-रिंगाही न घालता एकदा सगळा डिफ कोरडा बांधायचा. चारही स्क्रू लावायचे. एका हातात केस, दुसऱ्या हाताने एक आउटड्राइव्ह फिरवायचा. दुसरा उलट दिशेने फिरेल. पूर्ण दोन-तीन फेऱ्या व्हायला हव्यात. सगळीकडे सारखाच हलका लागला, आणि आउटड्राइव्ह आत-बाहेर ओढून पाहिला तर अगदी किंचितच हालचाल दिसली, तर शिम बरोबर आहेत. एका ठिकाणी जड आणि बाकी हलका लागला तर शिमकडे जाण्याआधी गिअरच्या दातावर साच्याची बारीक कड राहिली आहे का ते पाहा.

ओ-रिंग घातल्यावर ही जाणीव बुजते, म्हणून कोरडी बांधणी टाळू नका. वीस मिनिटं जातात.

तेल किती भरायचं? काठोकाठ?

काठोकाठ अजिबात नाही. सिलिकॉन तेल तापलं की फुगतं, 50 अंश तापमान वाढलं तर सुमारे 5 टक्के. केस गच्च भरली असेल तर त्या वाढलेल्या तेलाला जायला जागा नसते, मग ते ओ-रिंगमधून नाहीतर गॅस्केटमधून वाट काढतं. गळक्या डिफच्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

आधी केसमध्ये खालचा मोठा गिअर ठेवून थोडं तेल ओता, म्हणजे गिअरच्या मागे हवा अडकत नाही. मग छोटे गिअर पिनांसकट ठेवा. पुन्हा तेल ओता, आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकंच. आता खालचा आउटड्राइव्ह सावकाश फिरवत राहा. बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली जाईल. पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, पुन्हा बघा, लागेल तेवढं वाढवा. थंडीत बुडबुडे निघायला फार वेळ घेतात. मी डिफ वाटीत उभा करून गच्चीवर कोवळ्या उन्हात ठेवतो आणि वर जाळी झाकतो.

आता काटा. सगळे भाग बसवलेली, तेल नसलेली केस काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, तेल भरायचं, बुडबुडे गेले की पुन्हा ठेवायचं. जो आकडा येईल तो वहीत लिहायचा. पुढच्या वेळी तेवढंच तेल. 1000 च्या वरचं सिलिकॉन तेल कोणत्याही नंबरचं असो, घनता 0.97 च्या आसपासच असते, त्यामुळे 5000 च्या जागी 7000 घातलं तरी तोच आकडा चालतो.

एवढ्या काटेकोरपणाची गरज आहे का, असं मला नेहमी विचारतात. आहे. मागच्या डिफमध्ये या खेपेला अर्धा ग्रॅम तेल कमी पडलं तर आत हवा जास्त राहते आणि डिफ वेगळाच वागतो. तुम्ही मात्र समजता की 3000 ट्रॅकला जुळत नाही, म्हणून 5000 घालता. मग पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. सहा महिने असे गोल फिरणारे मी पाहिलेत. नंबराला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा भरण दर वेळी एकसारखी असते. 7-7-3 की 5-7-3 (पुढचा-मधला-मागचा तेलाचा नंबर, हजारात) हा वाद त्यानंतरचा.

झाकण लावताना स्क्रू किती घट्ट करायचे?

समोरासमोरचे, थोडे थोडे. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर गॅस्केट एका बाजूला दबतं. केस प्लास्टिकची असेल तर स्क्रू आधी उलटा फिरवा. हाताला बारीक टक् अशी जाणीव होते, तिथे त्याला जुने आटे सापडलेले असतात. तिथूनच सुलटा फिरवा. हे केलं नाही तर प्रत्येक वेळी नवे आटे कोरले जातात आणि चौथ्या-पाचव्या खेपेला स्क्रू नुसताच गरगर फिरतो. प्लास्टिकमध्ये थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) लावायचं नाही, काही प्लास्टिक त्याने तडकतं. ते फक्त धातूत धातू असेल तिथे, जसं पिनियनच्या (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दांड्यावरच्या ग्रब, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूला.

आणि गॅस्केटच्या दोन्ही बाजू तेलमुक्त हव्यात. पुसा.

क्राउन आणि पिनियनची जुळणी कशी करायची?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो विचारणारे सगळ्यात कमी.

डिफ बांधून झाला, बेअरिंगं चढवली, गिअरबॉक्समध्ये ठेवला. आता क्राउनचे दात पिनियनच्या दातांत किती खोल बसतात हे बेअरिंगच्या बाजूच्या शिम ठरवतात. बहुतेक 1:8 गाड्यांत त्या 13 बाय 16 मिमीच्या, 0.1 किंवा 0.2 जाडीच्या असतात. क्राउनच्या बाजूची शिम काढून पलीकडच्या बाजूला घातली की क्राउन पिनियनपासून लांब जातो किंवा जवळ येतो, गाडीच्या रचनेप्रमाणे. कोणत्या बाजूने काय होतं ते एकदा हातात धरून पाहा आणि लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी गोंधळ होतो.

मिरजेत सतारमेकर जवारी लावताना पाहिलंय का कधी? घोडीचा माथा कानसने अगदी जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. कुठलं मोजपट्टीचं माप नाही, कान आणि बोट. आम्ही शिमचं काम तसंच करतो. गिअरबॉक्स बंद करायचा, स्क्रू पूर्ण आवळायचे (अर्धवट आवळून केलेली जुळणी खोटी असते), पिनियनचा दांडा बोटांनी फिरवायचा. फिरताना जड, गरगर आवाज आला तर घट्ट आहे. दांडा धरून क्राउन मागे-पुढे हलवला आणि ठणठणीत टकटक आली तर सैल आहे. हवी असते ती अगदी बारीक टिक, ऐकू येण्यापेक्षा बोटाला जास्त कळणारी, आणि एक पूर्ण फेरी होईपर्यंत बदल न होणारी. क्राउनच्या पूर्ण एका फेरीत कुठेतरी घट्ट आणि कुठेतरी सैल लागत असेल तर क्राउन केसवर वाकडा बसलाय. चारही स्क्रू सैल करून पुन्हा समोरासमोर आवळा.

खात्री हवी असेल तर ट्रकचे मिस्त्री करतात तसं करा. ते क्राउनच्या दातांना निळा रंग लावून खूण कुठे उमटते ते बघतात. आपल्याला परमनंट मार्कर पुरतो. तीन-चार दात रंगवा, थोडा दाब ठेवून फिरवा, उघडा. रंग दाताच्या मधोमध निघालेला दिसला पाहिजे. नुसत्या टोकावर निघाला तर आणखी जवळ आणायला हवा.

43 दातांचा क्राउन आणि 10 दातांचं पिनियन घेतलं तर क्राउनच्या एका फेरीत पिनियन 4.3 वेळा फिरतं. म्हणजे झीज क्राउनपेक्षा पिनियनच्या दाताला आधी दिसते. उघडलाच आहे तर पिनियन भिंगाखाली पाहा.

डिफ उलटा बसू शकतो का?

हो, आणि मी बसवलाय. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये क्राउन डाव्या बाजूला ठेवा नाहीतर उजव्या, डिफ तितकाच छान बसतो. रात्री अकराला पुढचा डिफ बांधून संपवला, सकाळी माळावर गाडी ठेवली, थ्रॉटल दिलं. मागची चाकं पुढे, पुढची चाकं मागे. गाडी जागच्या जागी थरथरली, मधल्या डिफमधून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मी ट्रिगर सोडला. उघडल्यावर पाहिलं तर मधल्या डिफचे दोन छोटे गिअर गेले होते.

आता मी बॅटरी जोडण्याआधी गाडी हातात उचलतो, स्पर गिअर बोटाने पुढे फिरवतो आणि चारही चाकं एकाच दिशेने जातात का ते पाहतो. पाच सेकंद.

कोणत्या डिफमध्ये कोणत्या नंबरचं तेल?

नंबर म्हणजे सेंटिस्टोक, घट्टपणाचं माप. 20 अंशांच्या पाण्याचं माप जवळजवळ 1 असतं, त्यावरून 5000 म्हणजे काय याचा अंदाज करा. आम्ही पुढचा-मधला-मागचा या क्रमाने हजारात बोलतो. 5-7-3 म्हणजे पुढे 5000, मध्ये 7000, मागे 3000. आमच्या मुरमावर नव्या माणसाला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

पुढचा पातळ केला तर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना नाक झटकन आत येतं, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. घट्ट केला तर शिरताना गाडी शांत असते आणि थ्रॉटलवर बाहेर पडताना पुढची चाकं ओढून काढतात. नवख्याला घट्ट सोपा जातो.

मधला सगळ्यात जास्त कळतो. थ्रॉटल दिलं की गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. मधलं तेल पातळ असेल तर ताकद हलक्या चाकांकडे पळते, पुढचे टायर फुगून नुसते फिरतात आणि गाडी आळशी वाटते. घट्ट केलं की ताकद मागे पोचते, गाडी उसळून निघते, पण भुरभुरीत जागी मागचा भाग फिरायला लागतो. नागमोडी, खड्डेवाल्या ट्रॅकवर मी 7 च्या वर जात नाही. लांब सरळ पट्टा आणि मोठ्या उड्या असतील तर 10.

मागचा पातळ असला की वळणाच्या मध्यात मागची पकड चांगली राहते. फार पातळ केला तर बाहेर पडताना आतलं चाक गरगर फिरतं. घट्ट केला की सरळ रेषेत जोर येतो, आणि वळणात मागचा भाग घसरतो. 3 वरून 5 वर जायचं असेल तर आधी टायर आणि शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) नीट आहेत ना ते बघा.

एका वेळी एकच डिफ बदला.

मे महिन्यात तेच तेल चालेल का?

सिलिकॉन तेलाचा मोठा गुण हा की उष्णतेने ते इंजिन ऑइलसारखं पाण्यासारखं होत नाही. पण पातळ होतंच. 38 अंशांपासून 99 अंशांपर्यंत गेलं तर त्याचा घट्टपणा साधारण 60 टक्के उतरतो. मेमध्ये सांगलीत दुपारी 40 अंशांच्या आसपास हवा असते आणि मधला डिफ तर मोटरच्या शेजारी सगळ्यात जास्त तापतो. पहिली पाच मिनिटं छान आणि नंतर पुढचे टायर फुगायला लागले, अशी तक्रार म्हणजे हेच. मी मार्चच्या शेवटी मधला एक पायरी वाढवतो, पाऊस सुरू झाला की परत खाली. पुढचा-मागचा वर्षभर तोच.

माझ्याकडे 3000 आणि 7000 आहे. अर्धं-अर्धं मिसळलं की 5000 होईल ना?

होत नाही, साधारण 4600 होईल. घट्टपणाची सरासरी साध्या बेरजेने निघत नाही, पातळ तेल स्वतःकडे जास्त ओढतं. हेच 1000 आणि 10000 चं केलं तर 5500 नाही, 3200 च्या आसपास उतरतं. म्हणून जवळजवळच्या नंबरांचंच मिश्रण करा, वजन करून, छोट्या बाटलीत, आणि रात्रभर तसंच ठेवा म्हणजे ढवळताना गेलेली हवा निघून जाईल. बाटलीवर तारीख लिहा.

शॉकचं तेल डिफमध्ये घातलं तर?

नाही. तेही सिलिकॉनच असतं, पण शेकड्यांत. डिफ मोकळा सोडल्यासारखाच होईल.

उघडल्यावर तेल काळं निघालं. काही बिघडलंय का?

पहिल्या तीन-चार बॅटऱ्यांनंतर राखाडी-काळं निघणारच. नवे गिअर एकमेकांत बसताना धातूची बारीक भुकटी सुटते. ते तेल काढून टाका, नवं भरा, आणि हे काम पुढे ढकलू नका, कारण ती भुकटी पॉलिश पेपरसारखी दात घासत राहते. नंतरही दर वेळी कुट्ट काळं आणि चमचमणारं निघत असेल तर आतल्या शिम पुन्हा पाहा. कपड्यावर तेल पसरून बोट फिरवा, कण बोचले तर कुठला तरी दात तुटलाय.

डिफ गळतोय. कुठून ते कसं शोधू?

बाहेरून स्वच्छ पुसा, पांढऱ्या कागदावर आउटड्राइव्ह खाली करून रात्रभर उभा ठेवा, दुसऱ्या रात्री उलटा. दांड्याशी डाग पडला तर ओ-रिंग, क्राउनच्या कडेने ओघळ आला तर गॅस्केट किंवा स्क्रू. चालवल्यावरच गळत असेल तर बहुतेक वेळा भरण जास्त झालेली असते.

थ्रॉटल दिल्यावर टकटक येते.

गाडी बंद करा. आणखी एक फेरी मारून बघू, असं नको. क्राउन-पिनियन सैल आहे किंवा एखादा दात गेलाय, आणि त्या एका फेरीत उरलेले जातात. खरखर असेल तर एवढी घाई नाही. बहुतेक बेअरिंग असतं.

किती दिवसांनी उघडायचा?

दर रविवारी चालवत असाल तर मधला दीड-दोन महिन्यांनी, पुढचा-मागचा तीन महिन्यांनी. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चालवलीत तर लवकर. वाळल्यावर ती इतकी बारीक होते की बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते.

धुवायचं कशाने?

पाण्याने सिलिकॉन तेल हलत नाही आणि स्पिरिटनेही नीट निघत नाही. गिअर, पिना, आउटड्राइव्ह यांना ब्रेक क्लीनरचा स्प्रे, तोही गच्चीवर, मोकळ्या हवेत, जवळपास विस्तव नसताना. ओ-रिंगा आधी काढून बाजूला ठेवा. प्लास्टिकची केस भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने दोनदा धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

हे काम बॉडीशेल (गाडीचं वरचं कवच) रंगवायच्या टेबलावर कधीही करू नका. सिलिकॉनचा नखाएवढा डागसुद्धा रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पाडतो. गाड्यांना रंग मारणाऱ्या कोणालाही विचारा, सिलिकॉनचं नाव काढलं तरी ते हाकलतात.

सुटे भाग सांगलीत मिळतात का?

गिअर, केस, क्राउन हे ऑनलाइनच मागवावे लागतात आणि वेळ लागतो, म्हणून छोट्या गिअरचा एक संच आणि एक गॅस्केट घरात ठेवाच. बेअरिंगं मात्र गावात मिळतात. बहुतेक 1:8 च्या डिफला 8 बाय 16 बाय 5 चं बेअरिंग लागतं. दुकानात 688 मागा, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं. जुनं सोबत न्या, काउंटरवर मापून घ्या.

मुलगा सहावीत आहे, त्याला जमेल का?

जमेल. बारीक बोटांना पिना बसवणं आपल्यापेक्षा सोपं जातं. मधल्या डिफपासून सुरू करा, कारण त्याला क्राउन-पिनियनच्या शिमचा प्रश्न नसतो. कोरडी बांधणी त्याला दोनदा करू द्या, तेल भरताना काटा वाचून आकडा वहीत त्यालाच लिहायला सांगा. झाकणाचे स्क्रू मात्र पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हीच आवळा, त्याचा हात ड्रायव्हरवर आणि तुमचा त्याच्यावर ठेवून, म्हणजे आटे सापडतानाची ती टक् त्याला कळेल.